आशेरची मुलगी सेरह: शिरगणतीत तिचे नाव का आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आशेरची मुलगी सेरह शेकडो वर्षे जगली आणि तिनेच मोशेला योसेफाच्या अस्थी कुठे आहेत ते सांगितले, असे एका प्रवचनात ऐकले. पवित्र शास्त्रात शोधले तर तिचे फक्त नाव सापडते. मग हे सगळे आले कुठून? आणि जिच्याबद्दल काहीच सांगायचे नव्हते, तिचे नाव वंशावळीत लिहिले तरी कशाला?"

तुमचा शोध बरोबर आहे. इब्री शास्त्रात सेरह तीनच ठिकाणी येते: उत्पत्ती ४६:१७, गणना २६:४६ आणि १ इतिहास ७:३०. तिन्ही वचने एकत्र ठेवली तरी तिच्या तोंडचा एक शब्द मिळत नाही, तिची एक कृती मिळत नाही. नवरा, मुले, मृत्यू, कशाचीच नोंद नाही. अस्थींची गोष्ट आणि ते दीर्घायुष्य मिद्राशातून येते, म्हणजे रब्बींनी पुढच्या शतकांत वचनांवर केलेल्या विवरणातून. प्रवचनात तेवढे स्पष्ट सांगायला हवे होते. पण "शास्त्रात नाही, म्हणजे मनाने रचलेले" असे म्हणून तुम्ही ते सोडून देणार असाल, तर थोडे थांबा. हा भाग अनेक वर्षे शिकवताना माझे मत पक्के होत गेले आहे की सेरहच्या कथा रचणारे लोक वंशावळीचे फार कडक वाचक होते. यादीत जिथे खरोखर काहीतरी अडते, तिथेच त्यांनी बोट ठेवले आहे. म्हणून आधी यादीच पाहू.

उत्पत्तीच्या ४६व्या अध्यायात याकोब आपले सारे घराणे घेऊन मिसरात जातो आणि जाणाऱ्यांची नावे आईवार दिली आहेत. आशेर हा लेआची दासी जिल्पा हिचा मुलगा. त्याचे मुलगे इम्ना, इश्वा, इश्वी आणि बरीया, "आणि त्यांची बहीण सेरह", मग बरीयाचे दोन मुलगे. आता याच अध्यायाचे सातवे वचन वाचा. याकोबाने आपल्या मुली आणि आपल्या मुलग्यांच्या मुलीही बरोबर नेल्या, असे तिथे अनेकवचनात म्हटले आहे. म्हणजे नाती बऱ्याच होत्या. नाव मात्र एकीचेच आले. याकोबाची मुलगी दीना सोडली, तर त्या मोजलेल्या वंशजांत सेरह ही एकमेव स्त्री आहे.

तिचे नाव सहज ओघात आले असेल, असे म्हणायलाही जागा नाही, कारण ती मोजली गेली आहे. अठरावे वचन जिल्पेच्या वंशाचे सोळा जण सांगते. गाद आणि त्याचे सात मुलगे मिळून आठ. आशेर, चार मुलगे, दोन नातू, हे सात. सेरह धरली तरच सोळा होतात. तिच्याशिवाय हिशेब जुळत नाही. मी विद्यार्थ्यांना ही बेरीज नेहमी स्वतः करायला लावतो, कारण एकदा हाताने केली की "बायकांची नावे उगाच अधूनमधून येतात" हा समज आपोआप जातो.

त्याच यादीत एक बेरीज मात्र जुळत नाही. लेआचे वंशज तेहेतीस सांगितले आहेत. कनान देशातच मरण पावलेले एर आणि ओनान वगळून दीनाला धरले, तर बत्तीसच भरतात. मिसरात गेलेल्या घराण्याची एकूण संख्या सत्तर सांगितली आहे, तिच्यात एक कमी. रब्बींनी यावर पुष्कळ विचार केला. त्यांचे जास्त प्रसिद्ध उत्तर म्हणजे मोशेची आई योखबेद: घराणे मिसरच्या वेशीतून आत शिरत असताना ती जन्मली, म्हणून मोजली गेली पण नाव आले नाही. पण बेरेशीत रब्बा या मिद्राशात दुसरेही मत नोंदले आहे, की ती संख्या पूर्ण करणारी सेरह होय. हे मत लक्षात ठेवा, पुढे त्याचा धागा लागतो.

आता गणना २६. सेरहचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. मोआबाच्या मैदानात, यार्देनेच्या काठी, यरीहोसमोर दुसरी शिरगणती झाली. नियम स्पष्ट होता: वीस वर्षांवरचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष. आशेरच्या वंशात ५३,४०० भरले. सीनायजवळच्या पहिल्या गणतीत ते ४१,५०० होते. घराण्यांची नावे ठरावीक साच्यात येत जातात: इम्नाचे इम्नी कूळ, इश्वीचे इश्वी कूळ, बरीयाचे बरीयी कूळ. आणि एकूण आकडा सांगण्याच्या अगदी आधी एक वाक्य येते: आशेरच्या मुलीचे नाव सेरह होते. तिच्या नावाचे कूळ नाही. तिचा आकड्यात वाटा नाही. वाक्य एकटे उभे आहे.

इथे आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. उत्पत्तीत आशेरचे मुलगे चार आहेत, गणनेत तीन. इश्वा गळून गेला. त्याचे कूळ उरले नसावे. म्हणजे ज्या यादीतून एका मुलाचे नाव निघून गेले, त्याच यादीत मुलीचे नाव टिकले. शिवाय याच अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे की सीनायजवळ मोजलेल्यांपैकी कालेब आणि यहोशवा सोडून कुणीही उरले नव्हते. पिढी पूर्ण बदलली होती. मग याकोबाबरोबर मिसरात आलेली मुलगी या यादीत काय करते?

याची मला तीन उत्तरे विचार करण्यासारखी वाटतात.

पहिले राशीचे. राशी (१०४० ते ११०५) हा फ्रान्समधल्या त्र्वाचा भाष्यकार, थोडक्यात बोलणारा. तो म्हणतो, ती अजून जिवंत होती म्हणून तिला इथे धरले. राशीने हे स्वतः शोधलेले नाही. जुन्या मिद्राशातला निष्कर्ष त्याने एका ओळीत मांडला आहे. रब्बींच्या कालगणनेत मिसरातला मुक्काम २१० वर्षांचा. त्यात अरण्यातली चाळीस मिळवली तर सेरह या वेळी किमान अडीचशेची होते. निर्गम १२:४० मधला ४३० वर्षांचा आकडा तसाच धरला, तर वय आणखी वाढते.

दुसरे उत्तर रामबानचे, म्हणजे मोशे बेन नाहमान (११९४ ते १२७०) याचे. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरातला एक पाठ त्याच्यापुढे होता. त्यात सेरहला "आशेरच्या बायकोची मुलगी" म्हटले आहे. रामबान यावरून म्हणतो की ती आशेरच्या बायकोला आधीच्या नवऱ्यापासून झालेली, त्या नवऱ्याला मुलगा नव्हता, आणि म्हणून ती वारसदार मुलगी होती. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, याच अध्यायात ज्या कारणाने आल्या, त्याच कारणाने सेरहही आली. मला या उत्तराचे मोल फार वाटते, कारण ते यादीचा उपयोग काय होता हे विसरत नाही. आशेरच्या मजकुरानंतर थोड्याच वचनांनी देव मोशेला सांगतो की याच नावांप्रमाणे जमीन वाटायची. सातबाऱ्यावर भावांच्या नावांखाली बहिणीचे नाव दिसले की गावातला माणूस गोष्ट विचारत बसत नाही, हिचा हिस्सा कुठला एवढेच विचारतो. रामबानने तोच प्रश्न विचारला.

तिसरे उत्तर आजच्या अभ्यासकांचे. अशा वंशावळींतली नावे अनेकदा व्यक्तींबरोबरच कुळांची किंवा वस्त्यांची असतात आणि "बहीण" म्हणजे मुख्य कुळांना जोडून राहिलेला, पण स्वतंत्र दर्जा न मिळालेला गट असू शकतो. १ इतिहासाच्या सातव्या अध्यायात हे विशेष दिसते. तिथे सेरहनंतर दोनच वचनांनी बरीयाचा मुलगा हेबेर याच्या मुलांची "बहीण शूआ" येते. त्याच हेबेरचा मुलगा यफलेट, आणि यहोशवा १६:३ मध्ये यफलेटी लोकांची हद्द खालच्या बेथ-होरोनाजवळ, एफ्राईमच्या दक्षिण सीमेवर सांगितली आहे. आशेरची वाटणी तर उत्तरेला समुद्रकिनाऱ्याकडची. तेव्हा आशेरच्या म्हणवणाऱ्या काही कुळांची वस्ती डोंगराळ भागात दक्षिणेकडेही असावी, असे दिसते. सेरह हे अशाच एखाद्या गटाचे नाव असणे शक्य आहे. शक्य आहे, इतकेच. तिच्या नावाचे कूळ कुठेही दिलेले नाही, ही या मताची अडचण.

माझा कल विचाराल तर गणनेच्या संदर्भात मी रामबानच्या बाजूचा आहे. वारसा आणि जमीन हा त्या अध्यायाचा विषयच आहे. पण राशीने ज्या परंपरेचे सार दिले, तिने सेरहला जे आयुष्य दिले ते वाचल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

कथांची सुरुवात याकोबाच्या घरी होते. उत्पत्ती ४५:२६ मध्ये मुलगे बापाला येऊन सांगतात की योसेफ जिवंत आहे. म्हाताऱ्याचे काळीज गारठून जाते, तो विश्वास ठेवत नाही. वाचकाला प्रश्न पडतोच की इतकी वर्षे शोक केलेल्या माणसाला ही बातमी एकदम द्यायची कशी? येमेनमध्ये चौदाव्या शतकात संकलित झालेल्या मिद्राश हा-गादोलमध्ये हे काम सेरह करते. याकोब प्रार्थनेला उभा असताना ती यमक जुळवून गुणगुणते की योसेफ मिसरात आहे, त्याच्या मांडीवर मनश्शे आणि एफ्राईम वाढले. सेफेर हा-याशार या ग्रंथात, जो व्हेनिसमध्ये १६२५ साली छापला गेला, ती वीणा वाजवत गाते. तिथे याकोब तिला आशीर्वाद देतो की तू माझ्या जिवात जीव आणलास, तुझ्यावर मृत्यूची सत्ता चालणार नाही. दीर्घायुष्याचे कारण कथेने असे दिले.

त्यानंतरचा प्रसंग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. मोशे मिसरात परत येतो आणि वडील मंडळींसमोर चिन्हे करून दाखवतो. शमोत रब्बा हा निर्गमावरचा मिद्राश सांगतो की वडील मंडळी सेरहकडे गेली आणि म्हणाली, एक माणूस आला आहे, अशी अशी चिन्हे करतो. ती म्हणाली, त्यात काही तथ्य नाही. मग त्यांनी सांगितले की तो "पाकोद" हा शब्द वापरतो, देवाने तुमची दखल घेतली आहे असे म्हणतो. तेव्हा ती म्हणाली, हाच तो सोडवणारा, कारण मी माझ्या वडिलांकडून हेच ऐकले आहे. यामागे दोन वचनांची गाठ आहे. उत्पत्ती ५०:२४-२५ मध्ये मरता मरता योसेफ भावांना हेच क्रियापद दुहेरी वापरून वचन देतो, आणि निर्गम ३:१६ मध्ये देव मोशेला तेच शब्द बोलायला सांगतो. मधल्या सगळ्या वर्षांत हे शब्द कुणी जपले? कथाकारांना असा एक माणूस हवा होता जो दोन्ही टोकांना हजर असेल. तसे नाव शास्त्रात कुठे सापडते? उत्पत्ती ४६ आणि गणना २६ या दोन्ही याद्यांत स्वतःच्या नावाने, कुळाच्या आडोशाशिवाय येणारी बाई. कल्पनेला मुळात पाया यादीनेच दिला.

अस्थींची कथा त्याच वळणाची आहे आणि ती जुनी आहे: मेखिल्ता आणि तोसेफ्ता या जुन्या रब्बी ग्रंथांत आहे, बाबिलोनी तालमूदच्या सोता या भागात पान १३अ वर आहे. सारे इस्राएल निघण्याच्या गडबडीत असताना मोशे योसेफाने घातलेली शपथ (माझ्या अस्थी इथून घेऊन जा) पाळायला त्याची शवपेटी शोधतो. त्या पिढीतली एकटी सेरह उरलेली. ती सांगते की मिसऱ्यांनी धातूची पेटी करून नाईल नदीत सोडली आहे. मोशे काठावर उभा राहून योसेफाला हाक मारतो आणि पेटी वर येते. शास्त्रात यातले निर्गम १३:१९ एवढेच आहे, की मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या. शोमरोनी लोकांचीही यासारखीच कथा आहे. चौथ्या शतकातला शोमरोनी लेखक मार्का याच्या ग्रंथात लोकांचा पुढचा मार्ग अडतो आणि सेरह येऊन सांगते की तुम्ही योसेफाला विसरलात. यहूदी आणि शोमरोनी या दोन समाजांचा शतकानुशतकांचा दुरावा ध्यानात घेतला, तर दोघांकडे हीच बाई हेच काम करताना दिसणे ही साधी बाब नाही.

मग ती दाविदाच्या काळात दिसते. २ शमुवेल २० मध्ये बिख्रीचा मुलगा शबा बंड करून आबेल बेथ-माकात लपतो, दाविदाचा सेनापती यवाब नगराला वेढा घालतो, आणि एक शहाणी बाई तटावरून बोलून नगर वाचवते. तिचे नाव दिलेले नाही. ती स्वतःला इस्राएलातल्या शांत आणि विश्वासू लोकांपैकी म्हणवते. बेरेशीत रब्बाने त्या इब्री शब्दांत "पूर्ण करणे" हा अर्थ ऐकला आणि वाक्य असे वाचले: इस्राएलाची संख्या मी पूर्ण केली, आणि एका विश्वासूला दुसऱ्या विश्वासूशी, योसेफाला मोशेशी, मीच जोडले. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला सत्तरावा आकडा इथे परत येतो.

सगळ्यांत धीट कथा पेसिक्ता दे-राव काहाना या मिद्राश-संग्रहातली. तिसऱ्या शतकात रब्बी योहानान बसून शिकवत आहेत की तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा पाण्याच्या भिंती कशा दिसत होत्या. ते म्हणतात, जाळीसारख्या. सेरह वरून डोकावते आणि म्हणते, मी तिथे होते, त्या लख्ख खिडक्यांसारख्या होत्या. आपल्या काळातल्या श्रेष्ठ गुरूला प्रत्यक्ष पाहिलेल्या बाईने दुरुस्त करावे, हे रब्बींनी स्वतःच लिहून ठेवले आहे. याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

या कथा वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या शतकांत झाल्या, तरी सेरहचे काम बदलत नाही. ती चमत्कार करत नाही, लोकांचे नेतृत्व करत नाही. कुणी काही दावा केला की तो खरा की खोटा हे ती आपल्या आठवणीवरून सांगते. नावांच्या यादीचेही काम तेच असते, आणि म्हणून हे पात्र दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या मजकुरातून निघाले असते असे मला वाटत नाही.

ती मेली का? इथे परंपरा एकमताची नाही. योनाथानच्या नावावरचे अरामी भाषांतर म्हणते की ती जिवंतपणीच एदेन बागेत नेली गेली. देरेख एरेत्स झुता या छोट्या ग्रंथात अशा जिवंत गेलेल्यांची यादी आहे. हनोख, एलीया, अब्राहामाचा सेवक अलियेजर, कूशी एबद-मलेख, याबेस, फारोची मुलगी यांच्यासोबत त्यात सेरहही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल यहूदी घरांत मलिद्याच्या विधीच्या वेळी ज्या एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे, नाव घेतले जाते, त्याच्याच पंगतीत तिला बसवले आहे. दुसरीकडे इराणमधल्या यहूद्यांनी तिचे स्थान भूमीवरच मानले. इस्फहानच्या नैऋत्येला पीर बकरान इथे यहूद्यांची जुनी दफनभूमी आहे, तिथे सेरह बत आशेरचे (आशेरची मुलगी सेरह हिचे) पवित्र स्थान आहे आणि यहूदी पंचांगातल्या एलूल महिन्यात लोक यात्रेला जात आले आहेत. या दोन परंपरांचा मेळ घालायच्या भानगडीत मी पडत नाही. दोन्ही तितक्याच आस्थेने जपल्या गेल्या आहेत.

अभ्यास करताना दोन ठिकाणी घोटाळा होतो, तेवढा टाळा. ग्रीक भाषांतरात तिचे नाव अब्राहामाच्या बायकोसारखेच "सारा" असे येते, आणि किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतरातही गणना २६:४६ मध्ये तसेच आहे. इब्रीत शेवटचे अक्षर वेगळे आहे, माणसे वेगळी आहेत. दुसरे, यहोशवाला जिथे पुरले ते तिम्नाथ-सेरह. देवनागरीत नाव एकच दिसते, पण शास्त्रातल्या इब्रीत पहिले अक्षर निराळे. रब्बींच्या ग्रंथांत आशेरच्या मुलीचे नावही कधी कधी त्या दुसऱ्या अक्षराने लिहिलेले सापडते, म्हणून गोंधळ वाढतो. निव्वळ नावाच्या साम्यावरून त्या गावाचा तिच्याशी संबंध लावू नका.

नव्या करारातले एक वचन मात्र जरूर शेजारी ठेवून वाचा: लूक २:३६. मंदिरात बाळ येशूला ओळखणारी हन्ना संदेष्ट्री, फार वयोवृद्ध, आणि लूक मुद्दाम सांगतो की ती आशेरच्या वंशातली. लूकला सेरहच्या कथा ठाऊक होत्या असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण आशेरच्या वंशातली म्हातारी बाई, जी सुटकेची वाट पाहणाऱ्यांना "हाच तो" असे सांगते, ती सेरह वाचलेल्याला वेगळी दिसते.

हे वर्गात शिकवायचे असेल, तर माझी पद्धत अशी. आधी तिन्ही वचने वाचून घ्यायची आणि सोळाची बेरीज करायला लावायची. मग गणना २६ मध्ये इश्वा शोधायला सांगायचे. तो सापडत नाही तेव्हा मुले स्वतःच विचारतात की मग सेरह का आहे. त्यानंतरच मिद्राश सांगायचा, आणि प्रत्येक कथेआधी ती कुठल्या ग्रंथातली हे नाव घेऊन सांगायचे. प्रवचनातही एवढे करायला अर्धे मिनिट पुरते.